पांढऱ्यावर पांढरी गोष्ट: ट्रिस्टनच्या गोधडीतला एक प्रसंग आजच्या साधनांनी शिवताना

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक गोधडी आहे. 14व्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिली बेटावर शिवलेली, लांबीरुंदीला सुमारे 3 मीटर. लिननचे दोन थर, आत कापूस आणि दोरा दोनच रंगांचा, पांढरा आणि तपकिरी. रंगीत ठिगळ एकही नाही. तरीही तिच्यावर 14 प्रसंग आहेत. त्यात जहाजं आहेत, घोडेस्वार आहेत, हुकूम सोडणारे राजे आहेत. ट्रिस्टन नावाच्या तरुण योद्ध्याची ही गोष्ट. हिची जोडीदार गोधडी फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे. आज जगात टिकून असलेल्या सर्वांत जुन्या गोधड्यांमध्ये या दोघींची गणना होते.

आपल्या गोधडीचं देखणेपण जुन्या साड्यांच्या रंगांतून आणि धावदोऱ्याच्या रांगांतून येतं. सिसिलीच्या या गोधडीत रंग नाहीतच. मग गोष्ट दिसते कशी? उठावामुळे. आकृती कापसानं फुगवलेली, तिच्या आजूबाजूचं कापड टाक्यांनी दाबलेलं आणि दोन्हींच्या सीमेवर पडणारी सावली. गोष्ट त्या सावलीत आहे. एवढं मनात पक्कं धरलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात: कापड कोणतं, कापूस किती, मशीन कुठे चालवायचं आणि कुठे नाही. या कामाला ट्रॅपुंटो म्हणतात. शब्द इटालियन, सुईनं टोचून केलेलं काम अशा अर्थाचा.

धावदोरा घालता येत असेल आणि मशीनवर सरळ शिलाई मारता येत असेल तर हे काम तुम्हाला जमेल. आपण एकच प्रसंग घेऊन 40 सेंटिमीटर चौरस तुकडा शिवणार आहोत. रोज दीड-दोन तास बसलात तर हातानं तीन आठवडे लागतात, मशीनवर तीन-चार दिवस.

प्रसंग कोणता घ्यायचा

लंडनच्या गोधडीवरचे प्रसंग प्रेमाचे नाहीत. ट्रिस्टन आणि इझोल्डची प्रेमकथा जगभर माहीत आहे, पण इथे आहे खंडणीची गोष्ट. आयर्लंडचा राजा लांग्विस कॉर्नवॉलकडून खंडणी मागतो, त्याचा धिप्पाड योद्धा मोरोल्ड फौज घेऊन येतो आणि कॉर्नवॉलच्या राजाचा भाचा ट्रिस्टन त्याला एका बेटावर द्वंद्वाला बोलावतो. प्रसंगांवर सिसिलीच्या बोलीत ओळी शिवलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ‘कोमु’ या शब्दानं सुरू होतात. कोमु म्हणजे ‘कसं’. कसं मोरोल्डनं अमुक केलं, कसं ट्रिस्टननं तमुक केलं.

पहिल्या कामासाठी मी सगळ्यांना एकच प्रसंग सुचवते: ट्रिस्टन बेटावर उतरतो आणि आपली होडी मागे समुद्रात ढकलून देतो. कारण परत जाणार तो दोघांतला एकच, मग दोन होड्या कशाला? शिवणाऱ्याच्या दृष्टीनं याहून सोयीचा प्रसंग नाही. एक माणूस, एक होडी, थोड्या लाटा आणि मध्ये रिकामी जागा. गोष्ट त्या रिकाम्या जागेत घडते, म्हणून ती भरून टाकू नका.

स्वतःच्या घरातली गोष्ट घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण आधी ती ‘कसं’नं सुरू होणाऱ्या एका वाक्यात लिहा. ‘कशी आजीनं गाय पुरातून ओढून काढली.’ वाक्यात एकच क्रियापद बसलं पाहिजे. दोन क्रियापदं आली तर ते दोन प्रसंग आहेत, दोन तुकडे शिवा.

चित्र

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर गोधडीचं छायाचित्र पाहायला मिळतं. ते मोठं करून बघा, पण जसंच्या तसं ट्रेस करू नका. तुमच्या हातानं काढलेली होडी थोडी वाकडी असेल, असू दे. मूळ गोधडीतली माणसंही मोठ्या डोक्यांची आणि आखडलेल्या हातांची आहेत आणि त्यामुळेच ती लक्षात राहतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. ज्या भागात कापूस भरायचा तो आकार चारी बाजूंनी बंद हवा, कारण तो एक छोटा खिसा असतो. रेघ कुठे उघडी राहिली तर कापूस तिथून बाहेर सरकतो. खिसा 7 मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, भरताच येत नाही. आणि 6 सेंटिमीटरपेक्षा रुंदही नको, कारण मग तो उशीसारखा फुगतो आणि आकार हरवतो. होडी मोठी आहे, म्हणून तिच्या अंगावर फळ्यांच्या रेघा ओढा. आपोआप चार-पाच लांबट खिसे होतात. ट्रिस्टनच्या अंगरख्याला चुण्या द्या, तेच काम होतं.

आता पेन्सिलनं प्रत्येक भागात आकडा लिहा. 0 म्हणजे सपाट, 1 म्हणजे थोडा उठाव, 2 म्हणजे भरपूर. माझ्या तुकड्यात लाटा 1, होडी 1, ट्रिस्टनचं अंग 2, आणि होडीवर टेकलेला पाय 2 वर थोडा जास्त. आकाश आणि वाळू 0. अर्ध्याहून जास्त जागा 0 असायला हवी. नवख्या हातांना सगळंच फुगवावंसं वाटतं आणि मग काहीच वर येत नाही.

सामान

वरचं कापड: मांजरपाट किंवा मध्यम जाडीचं लिनन, न रंगवलेलं किंवा फिकट, 50 सेंटिमीटर चौरस. टाके पडत गेले की कापड आत ओढलं जातं, म्हणून चारी बाजूंनी 5 सेंटिमीटर जादा. चकाकी असलेलं कापड नको, चकाकीत सावली विरघळते. छापील कापड तर नकोच. शिवण्याआधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करा. मांजरपाट पहिल्या धुण्यात चांगलाच आटतो.

खालचं अस्तर: हातानं करणार असाल तर विरळ विणीची मलमल. विरळ का, ते भरताना कळेल. मशीनवर करणार असाल तर साधं सुती कापड चालेल.

भरण्यासाठी मूळ गोधडीत कापूस आहे. पिंजलेला कापूस हाताला आणि डोळ्याला सुंदर वाटतो, उठाव मऊ येतो, पण धुतल्यावर त्याच्या गाठी होतात. पॉलिस्टरचा कापूस (दुकानात रेक्रॉन म्हणून मागितला की देतात) हलका असतो आणि दाबला तरी परत फुलतो. भिंतीवर टांगायचं असेल तर मी कापूस घेते, अंगावर घ्यायचं असेल तर पॉलिस्टर. मशीनच्या पद्धतीसाठी थरात मिळणारं वॅडिंग लागतं: एक जाड, एक पातळ.

दोरा: भरतकामाचा तपकिरी, सहापैकी दोन पदर, आणि कापडाच्या रंगाचा साधा शिलाईचा. लाटा आणि अक्षरांच्या दांडीसाठी थोडी लोकर. मशीनसाठी आणखी एक खास दोरा लागतो, पाण्यात विरघळणारा. याशिवाय एक दाभण, एक बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, क्रोशाची बारीक सुई, भरतकामाची रिंग आणि टेबलावर ठेवता येईल असा एक दिवा.

रेघा कापडावर उतरवणं

खिडकीच्या काचेला चित्र चिकटवा, वर कापड लावा आणि गिरवा. रेघा वरच्या कापडाच्या सुलट बाजूवरच काढा. काही जणी मागून शिवायला सोपं म्हणून अस्तरावर काढतात, मग होडी उलट्या दिशेला जाते आणि अक्षरं आरशातली होतात.

पेन निळं, पाण्यानं जाणारं घ्या. त्या रेघेवर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका. उष्णतेनं ती कायमची बसते. दुसऱ्या प्रकारचं पेन इस्त्रीच्या उष्णतेनं पुसलं जातं. ते मी आता वापरत नाही. एक तुकडा मी त्या पेननं आखून, इस्त्रीनं स्वच्छ करून बहिणीला टोरांटोला पाठवला होता. जानेवारीत पार्सल तिच्या दारात रात्रभर पडून राहिलं आणि सकाळी तिनं उघडलं तेव्हा सगळ्या रेघा परत उमटलेल्या होत्या. ही शाई उष्णतेनं अदृश्य होते, नाहीशी होत नाही. कडक थंडीत ती परत दिसते.

हाताची वाट

वरचं कापड आणि मलमल एकावर एक ठेवा, मध्ये काही नाही. हाताच्या चार बोटांएवढ्या अंतरानं उभे-आडवे कच्चे टाके घाला. रिंगमध्ये फार ताणून बसवू नका, कापडाला किंचित सैलपणा हवा, नाहीतर भरायला जागाच उरत नाही.

आकृतीच्या कडांवर तपकिरी दोऱ्यानं उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका मागे येऊन आधीच्या टाक्याला भिडतो. धावदोरा इथे चालणार नाही. धावदोऱ्यात टाक्याआड टाका जागा मोकळी असते आणि आतून कापसाचा दाब आला की तिथे कड लाटेसारखी होते. उलट्या टिपेत रेघ सलग राहते आणि भिंतीसारखी उभी राहते. सेंटिमीटरला चार टाके पुरेत. आतल्या बारीक रेघा, म्हणजे बोटं, फळ्या, अंगरख्याच्या चुण्या, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं घाला. तपकिरी आणि पांढऱ्या दोऱ्यांमधला हा भेद मूळ गोधडीतून घेतलेला आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे: तपकिरी रेघ लांबून दिसते, पांढरी जवळ गेल्यावर.

सगळ्या कडा पूर्ण झाल्याशिवाय कापसाला हात लावू नका.

आता तुकडा पालथा करा. होडीच्या एका फळीच्या मध्यभागी दाभणाचं टोक मलमलीच्या दोन धाग्यांमध्ये शिरवा आणि हळूच फिरवा. धागे तुटत नाहीत, बाजूला सरकतात आणि डाळीच्या दाण्याएवढं भोक होतं. कापसाची वाटाण्याएवढी चिमूट घ्या, गोळी करू नका, सैलच ठेवा, आणि क्रोशाच्या सुईच्या पाठीनं आत ढकला. आधी टोकांकडे, कोपऱ्यांकडे, मग मध्याकडे या. मध्यापासून सुरुवात केली तर टोकं कायमची पोकळ राहतात. भरून झालं की नखानं ते धागे परत जागेवर खरवडून आणा. भोक दिसेनासं होतं. हे पहिल्यांदा होताना पाहणं मला अजून आठवतं, कापडानं स्वतःच जखम मिटवल्यासारखं.

किती भरायचं? बोटानं दाबल्यावर खिसा दबून लगेच वर आला पाहिजे. दगडासारखा लागला तर जास्त झालं. आजूबाजूचं सपाट कापड चुण्या धरायला लागेल. थोडा कापूस काढून घ्या. ‘1’ लिहिलेल्या भागात चार चिमटी लागल्या असतील तर तेवढ्याच आकाराच्या ‘2’ला सात-आठ लागतात.

मलमल दाट निघाली आणि धागे सरकेनात, तर अस्तराला तिरकी एक सेंटिमीटरची चीर द्या, फक्त अस्तराला, भरा आणि चार टाक्यांनी चीर मिटवा. शेवटी मागे आणखी एक कापड लावून ते सगळं झाकता येतं.

लाटांसाठी कापूस नको. दोन समांतर रेघा, मध्ये 4 मिलिमीटरचं बोळकांडं, आणि त्यातून बोथट सुईनं लोकर ओढायची. वळण आलं की सुई मागून बाहेर काढा, त्याच भोकातून परत आत घाला आणि बाहेर लोकरीचा छोटासा फेरा सैल राहू द्या. तो ओढून घेतला तर वळणावर कापड गोळा होतं.

अक्षरं

‘कशी ट्रिस्टननं होडी मागे समुद्रात ढकलली.’ ही ओळ वरच्या पट्टीत येऊ दे. लॅटिन मोठी अक्षरं सुटी सुटी असतात, आपल्याकडे शिरोरेषा आहे. ती एकच लांब बोळकांडं म्हणून शिवा आणि त्यातून लोकर ओढा. अक्षरं त्या उठावदार दांडीला खाली लटकलेली दिसतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. अक्षरांची अंगं भरू नका, नुसती तपकिरी उलटी टीप. 40 सेंटिमीटरच्या तुकड्यात अक्षराची उंची 3 सेंटिमीटरपेक्षा कमी केलीत तर ‘ढ’ आणि ‘ट’ यांत फरक उरत नाही.

मशीनची वाट

इथे क्रम उलटा होतो: आधी भरण, मग कड.

वरच्या कापडाखाली जाड वॅडिंग ठेवा, अस्तर अजून नको. वरच्या रिळाला विरघळणारा दोरा, बॉबीनमध्ये साधा पांढरा. मशीनचे दात खाली करा, रफूचा पाय लावा आणि 1 व 2 लिहिलेल्या आकारांच्या बाहेरच्या कडेवरून, कापड हातानं सरकवत, मोकळी शिलाई फिरवा. आता तुकडा उलटा करून, बोथट टोकाच्या कात्रीनं, शिलाईच्या बाहेरचं सगळं वॅडिंग कापून टाका. कात्री वॅडिंगला समांतर, आडवी धरा. वरचं कापड सुटं करून बोटानं बाजूला धरल्याशिवाय एकही कात्रण करू नका. माझी एक होडी इथेच गेली. ‘2’साठी त्याच जागी दुसरा थर लावून परत तेच करा.

मग खाली पातळ वॅडिंग, त्याखाली अस्तर, सगळं कच्च्या टाक्यांनी किंवा पिनांनी एकत्र. आता साध्या दोऱ्यानं पक्की कड, विरघळणाऱ्या शिलाईच्या अगदी लगत. ही कड मशीननं घातली तरी चालते, पण चेहरा, हात आणि होडीवरचा पाय एवढ्या तीन जागी मी हातानंच तपकिरी उलटी टीप घालते. मशीनची रेघ सगळीकडे सारखीच दाबाची असते. हातानं घातलेली रेघ जिथे तुम्ही थांबलात तिथे थोडी थांबते आणि बघणाऱ्याची नजरही तिथेच थांबते.

विरघळणाऱ्या दोऱ्याबद्दल दोन सूचना. सुईत ओवताना सवयीनं टोक तोंडात घालू नका, ते तिथेच विरघळेल. आणि रीळ हवाबंद डब्यात ठेवा. कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये तो बाहेर ठेवला तर हवेतल्या ओलाव्यानंच चिकट होतो.

पार्श्वभूमी दाबणं

सगळा उठाव याच टप्प्यावर ठरतो. आकृतीच्या भोवतीचं कापड जितकं घट्ट शिवाल, तितकी आकृती वर येते, कापूस न वाढवता. हातानं करणाऱ्यांनी इथे आपला धावदोरा बाहेर काढावा: 4-5 मिलिमीटर अंतरानं आडव्या ओळी, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं. गोधडीच्या ओळी शिवलेल्या हातांना हे काम शिकवावं लागत नाही. मशीनवर असाल तर तेवढ्याच अंतराची नागमोडी शिलाई. मध्यापासून कडांकडे जात राहा, म्हणजे सैल कापड बाहेर निघून जातं. ट्रिस्टन आणि होडी यांच्या मधल्या जागेत ओळी आणखी जवळ घ्या, 3 मिलिमीटरवर. तिथलं कापड खोल जातं आणि अंतर खरोखर पाण्यासारखं वाटायला लागतं.

दर अर्ध्या तासानं खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबलावरचा दिवा तुकड्याच्या डाव्या बाजूला, अगदी आडवा ठेवा. वरून उजेड पडला तर तुमचा उठाव दिसणारच नाही आणि तुम्ही उगाच कापूस कोंबत बसाल. आडव्या उजेडात कुठे कमी, कुठे जास्त ते लगेच कळतं.

आणखी काय करता येईल

रंग हवाच असेल तर बाहेरून लावू नका, आतून येऊ द्या. वरचं कापड पातळ मलमलीचं घ्या आणि लाटांच्या बोळकांड्यांतून गडद निळी लोकर ओढा. कापडाआडून तो निळा धूसर दिसतो. भरतकामाचं संगणकी मशीन असेल तर अक्षरांची पट्टी त्यावर सुबक येते, पण संपूर्ण चित्र त्यावर करण्याच्या मी विरुद्ध आहे. टाके इतके दाट पडतात की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. कापडावर मूळ गोधडीचा फोटो छापून त्यावर शिवणंही मला पटत नाही. छापलेली सावली आणि खरी सावली एकमेकींशी भांडतात.

धुणं आणि टांगणं

कोमट पाण्यात, साबणाशिवाय, वीस मिनिटं बुडवून ठेवा. निळ्या रेघा जातात, विरघळणारा दोरा जातो. पाणी दोनदा बदला, कारण विरघळलेला दोरा कापडात राहिला तर वाळल्यावर कडक डाग पडतो. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट जागेवर, चारी कोपरे काटकोनात ओढून, पिना लावून सावलीत वाळवा. इस्त्री नको, कापूस बसतो.

कडा आत दुमडून, मागे वरच्या बाजूला 6 सेंटिमीटरची नळी शिवा, त्यातून काठी जाईल. मागच्या कोपऱ्यात तुमचं नाव आणि साल तपकिरी दोऱ्यानं घाला. आणि टांगताना भिंत अशी निवडा की खिडकी समोर नाही तर बाजूला येईल. पूर्वेची खिडकी असेल तर सकाळी आठच्या सुमारास होडी सर्वांत जास्त वर आलेली दिसते.